पेटी कपाटात, कला टाईमटेबलात

मागच्या अंकात या पानावर एकच ओळ टाकली होती, सरकारी शाळेत गाणं-बजावणं आणि चित्रकला कशी चाललीय ते कळवा म्हणून. पत्रं येतील पाच-सात असं वाटलं होतं, आली ढीगभर, त्यातली निम्मी व्हॉट्सॲपवर, आणि एक तर सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज अस्सल अहिराणीत, तो मी दोनदा ऐकला, एकदा प्रश्नासाठी आणि एकदा नुसता गोडीसाठी. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, जागा कमी. गावं लहान आहेत, कोणी लिहिलं ते लगेच ओळखू येतं, म्हणून नावं देत नाही, तालुका तेवढा देतो.

प्रश्न (यावल तालुका) : दादा, मी आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे, मुलगी सातवीत. शाळेत पेटी आहे, तबला-डग्गा आहे, गावातल्याच एकाने आईच्या स्मरणार्थ दिलेला. सगळं कपाटात, कुलूप लावून. वर्षातून दोनदा निघतं, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी, मागच्या वेळी तर पेटीतून सुराऐवजी झुरळ निघालं. टाईमटेबलात कलेचे तास आहेत, पण मुलगी म्हणते त्या तासाला सर गणित घेतात नाहीतर वह्या तपासत बसतात. मीटिंगमध्ये विषय काढला तर हेडसर म्हणाले ताई तुम्ही शिक्षक द्या, मी उद्या सुरू करतो. मी गप्प बसले. घरी सासूबाई म्हणतात, पेटी वाजाडीसन पोट भरस का? मी नेमकं काय मागू शकते?

उत्तर : ताई, हेडसर खोटं बोलत नाहीयेत, पण पूर्ण खरंही बोलत नाहीयेत. आधी कायद्याचं सांगतो म्हणजे पुढच्या मीटिंगला हातात काहीतरी असेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असेल तर त्या शाळेला कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांच्यासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे पार्ट टाईम शिकवणारे, हवेत. तेव्हा पहिलं काम, तुमच्या शाळेची सहावी-सातवी-आठवीची बेरीज विचारा. शंभराच्या वर असेल तर समितीचा ठराव करून मागणी वर पाठवा आणि पोच घ्या, पोच फार महत्त्वाची. साठ-सत्तर असेल तर हा रस्ता बंद, त्याच्यावर वेळ घालवू नका.

पण शिक्षक नाही म्हणून विषयच नाही असं थोडंच असतं? कला हा पहिलीपासून आठवीपर्यंत अभ्यासक्रमातलाच विषय आहे, त्याची श्रेणी प्रगतिपुस्तकात येते. म्हणून मीटिंगला ‘संगीत का शिकवत नाही’ असं विचारू नका, त्याला शंभर उत्तरं तयार असतात. शांतपणे मुलीचं प्रगतिपुस्तक पुढे ठेवा आणि विचारा, सर, कलेत हिला अ श्रेणी आहे, आनंद झाला, ती कशावरून दिली तेवढं सांगा. बस. मी स्वतः चित्रकलेचा मास्तर होतो, छत्तीस वर्षं, आणि हा प्रश्न एका आईने मला विचारला होता त्या दिवशी मला उत्तर नव्हतं, कारण त्या सत्रात मीच निवडणुकीच्या कामात आणि कसल्या कसल्या याद्या भरण्यात होतो आणि श्रेण्या अंदाजे टाकल्या होत्या. तेव्हा सरांवर फार चिडू नका, त्यांच्या मागेही बरंच काही लागलेलं असतं.

समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात हा कायदा आहे, आणि शाळेचा विकास आराखडा ही समितीच करते, फक्त सही करत नाही. त्या आराखड्यात ‘वाद्यदुरुस्ती व कलासाहित्य’ अशी एक ओळ घालून घ्या. पैसा कुठून? समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला संयुक्त अनुदान मिळतं ते पटावर ठरतं, ३१ ते १०० मुलं असतील तर वर्षाला २५ हजार, १०१ ते २५० असतील तर ५० हजार. त्यातच खडू, लाईटबिल, किरकोळ दुरुस्ती सगळं भागवायचं असतं त्यामुळे त्यातून कोणाचा पगार निघणार नाही, पण पेटीचं सर्व्हिसिंग आणि तबल्याची एक पुडी, म्हणजे वरचं कातडं, नक्की निघते.

आता शिकवायचं कोणी. ताई, तुमच्या गावात भजनी मंडळ असणारच, यावल-रावेर पट्ट्यात भजनी मंडळ नसलेलं गाव मला तरी माहीत नाही. तिथे पेटीवाला आहे, मृदंगवाला आहे. आठवड्यातून एक तास यायला सांगा, हेडसरांच्या परवानगीने आणि वर्गशिक्षक वर्गात असताना, म्हणजे जबाबदारीचा प्रश्न येत नाही. फक्त एक गोष्ट आधी सांगून ठेवा, ती कोणी सांगत नाही आणि त्याच्यामुळेच पोरं गाणं सोडतात. पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते. भजनातले बाबा पुरुषांच्या आवाजाला सोयीची पट्टी धरतात, पेटीवरची काळी एक, काळी दोन. मुलांना ती खाली जाते, मग ती एकतर घशात गुरगुरतात नाहीतर वरच्या सप्तकात किंचाळतात, आणि आपण म्हणतो पोरांना सूर नाही. मुलांना काळी चार-पाचच्या आसपास सा धरून बघा, वर्गातला आवाज लगेच मोकळा होतो. मी पेटी तिशीत शिकलो, भजनातच शिकलो, आणि वर्षभर शाळेची प्रार्थना काळी एकमध्ये वाजवत होतो, शेवटी तिसरीतली एक पोरगी म्हणाली, सर गाणं खाली पडतं. बरोबर बोलली ती. एवढी गोष्ट मला एकाही मोठ्या माणसाने सांगितली नव्हती.

दुसरी अडचण, पेटी एक आणि पोरं चाळीस. पेटीपासून सुरुवात करूच नका. पहिले पाच-सहा आठवडे नुसता हात. दादरा घ्या, सहा मात्रा, धा धिं ना, धा तिं ना, पहिल्या मात्रेला टाळी आणि चौथीला खाली, हात उलटा. मग केहरवा, आठ मात्रा, धागे नति नक धिन. अर्धा वर्ग टाळी धरेल, अर्धा बाकावर वाजवेल, तेलाचे रिकामे डबे चालतात, फक्त शेजारच्या वर्गाचं गणित चालू नसलं म्हणजे झालं. लय हातात बसली की मग चार-चारची टोळी पेटीवर, बाकीचे तालावर. सगळ्यांनी पेटीवादक व्हायचं नाहीये. आणि यानं गणित सुधारतं, मार्क वाढतात असलं सासूबाईंना पटवायला जाऊ नका, ते सिद्ध करत बसावं लागेल. श्रावणात कानबाईच्या उत्सवाच्या रात्री त्यांच्याकडे गाणी म्हणतात ना, जागरणाला? त्यांना त्याच्यातलंच एक गाणं पोरींना शिकवायला शाळेत बोलवा. माझा अंदाज आहे की पोटाचा प्रश्न परत निघणार नाही.

पेटी दुरुस्तीला न्यायच्या आधी घरीच बघून घ्या. समोरच्या खुंट्या ओढून भाता पूर्ण भरा, एकही पट्टी दाबू नका. भाता आपोआप झरझर खाली बसत असेल तर हवा गळतेय, कातडं किंवा पुठ्ठा उंदरानं कुरतडला असेल. न दाबता एखादा सूर वाजतच राहिला तर ती पट्टी अडकलीय, बऱ्याचदा खाली धूळ असते. ही कामं छोटी आहेत, वर्षानुवर्षं बंद ठेवली की मोठी होतात. पेटी वाजती ठेवणं हाच तिचा औषधोपचार, म्हणून कपाटाची एक चावी मुलांच्या मंत्रिमंडळातल्या सांस्कृतिक मंत्र्याकडे द्या, बघा कशी निघते रोज. परिपाठात राष्ट्रगीत आहेच, १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीतही आलंय, आणि बहुतेक शाळांत ते स्पीकरवर मोबाईल लावून होतं. ते पेटीवर होऊ द्या, चुकलं तर चुकलं.

प्रश्न (साक्री तालुका) : सर, मी पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी वस्तीवरच्या शाळेत तीन वर्षांपासून आहे, मूळचा धुळ्याकडचा. मला स्वतःला संगीतातलं काही येत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आजोबा पावरी, म्हणजे भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवतात. त्यांना शाळेत बोलवावं असं फार मनात आहे पण आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, एक जण म्हणाले की अभ्यासक्रमात सा रे ग म आहे, पावरी कुठे आहे. हे संगीत शिक्षणात बसतं का?

उत्तर : बसतं म्हणजे काय, तुमच्या शाळेत तेच तर संगीत आहे. पेटी ही आपल्याकडे बाहेरून आलेली, युरोपातून, आणि ती आपण आपली म्हणून डोक्यावर घेतली, चांगलंच केलं, पण मग वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि मेण यांच्यातून जे वाद्य तुमच्या डोंगरात तयार होतं ते ‘अभ्यासक्रमाबाहेरचं’ कसं काय? स्थानिक कला, परिसरातले कलाकार शाळेत आणा असं २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून २०२० च्या धोरणापर्यंत सगळीकडे लिहिलेलं आहे. केंद्रातल्या साहेबांना तेवढं दाखवा, वाद घालू नका, चहा पाजा.

पण बोलवायच्या आधी तीन-चार गोष्टींचा विचार करा, कारण आपण बाहेरचे लोक उत्साहात गडबड करतो. मी केलीय. एका स्नेहसंमेलनात मी पाड्यावरच्या पोरांना पिसांचे टोप घालून स्टेजवर आणलं, पाहुणे खूश, फोटो झाले, आणि नंतर एका पोराचा बाप मला म्हणाला, गुरुजी हे आम्ही नवसाला घालतो. मला जमिनीत जावंसं वाटलं. तुमच्याकडे मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो, त्यात पावरी वाजते, ती करमणूक नसते. तेव्हा आजोबांना आधी घरी जाऊन विचारा की कोणत्या चाली शाळेत वाजवलेल्या चालतील आणि कोणत्या नाही. ते जे नाही म्हणतील ते नाही, का म्हणून विचारत बसू नका.

दुसरं, पेटी साथीला घेऊ नका. पेटीचे सूर कारखान्यात पक्के बसवलेले, पावरीचे त्या भोपळ्याप्रमाणे आणि बनवणाऱ्याच्या हाताप्रमाणे, दोन्ही जुळणार नाहीत आणि कोणीतरी म्हणेल पावरी बेसूर आहे. पावरी बेसूर नसते, पेटी शेजारी ठेवली की तशी वाटते. आजोबांना सा रे ग म लावून शिकवा असंही सांगू नका, ते जसे शिकले तसंच शिकवू दे, ऐकून आणि पायानं. हो, पायानं, कारण त्या वाद्याची लय नाचणाऱ्याच्या पायात असते. आधी पोरांना फेर धरू द्या. तुम्हीही धरा, पोरं हसतील, हसू द्या, वर्षभरात त्या एकाच तासाला तुम्ही विद्यार्थी आणि ती मास्तर असतील.

पोरांनी लगेच पावरी फुंकावी अशी अपेक्षा नको. तिला दम लागतो, जुने वाजवणारे मधे सूर न तोडता केवढा तरी वेळ ओढतात, गालात हवा धरून नाकानं श्वास घेतात, ते आठ-दहा वर्षांच्या पोराचं काम नाही. त्यांना साधी बासरी करू द्या, सहा भोकांची, बांबू तुमच्या दारात आहे. पहिली दहा वाजणार नाहीत. भोक अंतर चुकून पडलं की सूर कसा चढतो-उतरतो हे हाताला कळतं, विज्ञानाच्या पुस्तकातला ध्वनीचा धडा तिथेच शिकवून टाका, धडा एक झाला आणि बासरी फुकट.

आजोबांची परवानगी असेल तर मोबाईलवर नीट रेकॉर्ड करून ठेवा, कोणती चाल, कुठल्या प्रसंगाची, कोणाकडून शिकले, हे पोरांनी त्यांच्या बोलीत विचारून लिहून काढायचं. ती वही शाळेच्या लायब्ररीत ठेवा. आणि आजोबांना मानधन द्या, कमी असलं तरी पाकिटात घालून, टोपी-नारळ देऊन पाठवणी करू नका, एक दिवसाची मजुरी बुडते त्यांची. पुढे ही मुलं नववीला गेली की कला उत्सव म्हणून केंद्र सरकारची स्पर्धा आहे, २०१५ पासून, नववी ते बारावीसाठी, त्यात वादनाचा गट असतो आणि पारंपरिक वाद्यं चालतात. पण स्पर्धेसाठी शिकवू नका हो. स्पर्धेसाठी शिकवलं की एकच पोरगा वाजवतो आणि बाकीचे चाळीस टाळ्या वाजवतात.

प्रश्न (शिरपूर) : मुलगा आठवीत आहे. चित्रकलेची परीक्षा आणि तबल्याच्या परीक्षा दिल्या तर दहावीला मार्क वाढतात असं ऐकलं. किती? दोन्ही करावं का?

उत्तर : वाढतात. कला संचालनालयाची इंटरमिजिएट ही चित्रकलेची परीक्षा पास असेल तर ए ग्रेडला ७, बी ला ५, सी ला ३ असे सवलतीचे गुण आहेत. नुसत्या एलिमेंटरीला काही नाही, पण ती आधी द्यावी लागते, म्हणून आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट असा हिशेब बहुतेक शाळा धरतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन, यातल्या भूमितीत बरीच पोरं मार खातात कारण तिला कोणी चित्रकला समजत नाही. तबल्याचं म्हणाल तर शास्त्रीय गायन-वादनाच्या मान्य संस्थेच्या तीन परीक्षा पास असतील तर १० आणि पाच असतील तर १५ गुण. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची शिडी अशी, प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा. आज आठवीत शून्यापासून धरला तर दहावीपर्यंत तीन होतील, ओढाताण होईल. गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे जातो, तारीख चुकली की सगळं पाण्यात, आणि नियमात अधूनमधून बदल होतात म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक ऑफिसात जाऊन स्वतः वाचा.

दोन्ही करावं का, हे मला विचारू नका, पोराला विचारा. तीन वर्षं तबला नुसता दहा मार्कांसाठी बडवलेली पोरं मी बघितलीत, दहावीच्या निकालानंतर तबल्यावर टीव्हीचा रिमोट ठेवलेला असतो.

प्रश्न (चोपडा) : माझी मुलगी चौथीत, चित्रं छान काढते पण दरवेळी तेच, दोन डोंगर, मधे सूर्य, नदी, झोपडी, नारळाचं झाड. शाळेत मॅडम फळ्यावर काढून देतात आणि सगळे उतरवतात. रंगपेट्याही महाग झाल्यात.

उत्तर : हे चित्र महाराष्ट्रभर एकच आहे, कोणी छापून वाटलं की काय देव जाणे. अहो चोपड्याला डोंगर आहे तो सातपुडा, उत्तरेला, सूर्य त्याच्या मागून कधीच उगवला नाही आणि उगवणारही नाही. नारळही शोधावाच लागेल. मुलीला सकाळी गच्चीवर न्या आणि विचारा सूर्य कुठून निघाला, त्याच्या खाली काय दिसतं, केळीचं बन, टॉवर, विटभट्टीचा धूर, जे असेल ते. मॅडमना चिडून बोलू नका, त्यांना चित्रकला कोणी शिकवलेली नाही, त्यांना एवढंच सुचवा की फळ्यावर चित्र काढण्याऐवजी टेबलावर वस्तू ठेवा. तांब्या, वांगं, सायकलचा पंप. भरताचं वांगं तर फार सुंदर मॉडेल आहे, त्याच्यावरची चकाकी पांढरी कशी ठेवायची यातच चौथीचं अर्ध वर्ष जाईल.

रंगाचं म्हणाल तर केळी कापणीनंतर बांधावर जे पडलेलं असतं ते उचलून आणा. पानाचा जाड देठ आडवा कापला की आत जाळी दिसते, अर्धचंद्रासारखी, रंगात बुडवून कागदावर ठसा मारा, दुकानातला कुठलाच शिक्का एवढा देखणा नसतो. फक्त जुने कपडे घाला, केळीचा चीक जन्मात निघत नाही, माझ्या दोन शर्टांचा अनुभव आहे. तोच चीक ब्रशनं कागदावर फिरवला की वाळून तपकिरी होतो, म्हणजे तो पण रंगच झाला. उन्हाळ्याच्या तोंडाला पळसाची फुलं उकळून केशरी, हळद, गेरू, चुलीतला कोळसा.

आणि सुट्टीत चाळीसगावला केकी मूस यांचं कलादालन दाखवून आणा. हा माणूस परदेशात शिकून परतल्यावर उरलेलं आयुष्य तिथेच राहिला आणि टेबलावर मांडलेल्या साध्या साध्या वस्तूंचे फोटो काढून जगभर नाव कमावलं, घराबाहेरही फारसा पडला नाही. धुळ्याजवळच्या गोंदूरचे राम सुतार, १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा ज्यांनी घडवला, त्यांचा हातही आधी त्यांच्या मास्तरांनीच, श्रीराम कृष्ण जोशींनी, ओळखला होता. अजिंठाही आहे, जळगावहून साठेक किलोमीटर, पण शाळेची सहल तिथे धावत जाते आणि सेल्फी काढून धावत येते, एका लेण्यात अर्धा तास बसवलं तर पुरे.

प्रश्न (पारोळा) : शाळेचा तबला पावसाळ्यात ढब ढब बोलतो. उन्हात ठेवला तर चालेल का? आणि पाचवीतल्या मुलीला तबला शिकायचाय, घरात म्हणतात पोरींनी गाणं शिकावं.

उत्तर : उन्हात अजिबात नको, पुडी तडकते आणि मधल्या काळ्या शाईला भेगा जातात. हवेतल्या ओलीनं कातडं सैल पडतं, त्यामुळे आवाज बसतो, यात तबल्याचा दोष नाही. कोरड्या खोलीत, जाड कापडात गुंडाळून ठेवा, जमिनीवर नको. वाजवायच्या आधी हातोडीनं गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर, चारी बाजूंनी सारखे हलके ठोके देऊन चढवा, एकाच ठिकाणी ठोकलात तर सूर वाकडा होतो. तरी नाही चढला तर बाजूचे लाकडी गट्टे खाली ठोका, आणि शाईवर बोट फिरवून बघा, खडे सुटत असतील तर पुडी बदलायची वेळ झाली. पोरांना हातोडी देऊ नका, पहिल्याच दिवशी शाईवर मारतात.

मुलीचं म्हणाल तर तिला तबलाच शिकवा. डग्गा दाबायला मनगटात जोर लागतो म्हणतात, तो आमच्याकडच्या पोरींना भाकरी थापून आधीच आलेला असतो.